काडतूस निवडताना खांद्याला विचारा

ऑक्टोबर तोंडावर आला की आमच्या कोलोरॅडोत शिकारीच्या सामानाची दुकानं दिवाळीतल्या लक्ष्मी रोडसारखी भरतात. नारिंगी जाकिटं, बूट, तंबू, आणि मागच्या भिंतीला छतापर्यंत काडतुसांची खोकी. त्या भिंतीसमोर ऑफिसातला माझा एक नागपूरकर मित्र कमरेवर हात ठेवून उभा होता. ग्रीन कार्ड आल्यावर त्याने शिकारीच्या सुरक्षिततेचा सक्तीचा वर्ग पूर्ण केला, दोन हंगाम माझ्याबरोबर डोंगर तुडवले, आणि आता त्याला स्वतःच्या मापाची हलकी रायफल घडवून घ्यायची आहे. कारागिराने पहिलाच प्रश्न विचारला, "कुठल्या काडतुसासाठी बनवू?" आणि गाडी तिथेच अडली.

"भाऊ, .३०८, ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर, .२७०, .३०-०६, .३०० मॅग्नम... हे काय लॉटरीचे नंबर आहेत काय?"

त्याला गाडीत बसून जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतो. भारतात शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी बंदी आहे, तेव्हा हा सगळा मामला अमेरिकेतल्या, परवाना काढून डोंगरात जाणाऱ्या शिकाऱ्यांचा. पण यातलं विज्ञान समजायला हातात रायफल असण्याची गरज नाही. शाळेतला न्यूटनचा तिसरा नियम आठवत असला तरी पुरे.

काडतूस म्हणजे गोळी नव्हे

आपण सरसकट "गोळी" म्हणतो, पण ती वस्तू चार भागांची असते. पितळेची नळकांडी, तिच्या तळाशी टोपी म्हणजे प्रायमर, पोटात दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की पिन टोपीवर आपटते, ठिणगी पडते, दारू पेटते आणि वायूचा दाब गोळीला नळीतून पुढे रेटतो. या चौघांचा संसार म्हणजे काडतूस. उडून जाते ती फक्त गोळी, रिकामं पितळ मागे राहतं.

माझ्या आजोबांकडे संगमेश्वरच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिच्यात हे चारही भाग सुटे. दारू मापाने ओतायची, वरून ठासायची, टोपी वेगळी लावायची. माप हाताचं, त्यामुळे एखाद्या दिवशी दारू सढळ पडली की आजोबांचा खांदा दोन दिवस सुजलेला. काडतुसाने ते माप कारखान्यात कायमचं ठरवून टाकलं. मात्र एकदा रायफलीची नळी ज्या काडतुसासाठी कोरली, त्याच्याशिवाय दुसरं तिच्यात चालत नाही. लग्नासारखंच आहे, म्हणून आधी चौकशी बरी.

ही नावं ठेवली कोणी?

पुण्यातल्या मारुतींची नावं ऐकून जसा पत्ता सापडत नाही, नुसता किस्सा कळतो, तशी ही नावं आहेत. .३०-०६ मधला "०६" म्हणजे १९०६ साल; त्या वर्षी अमेरिकी लष्कराने ते स्वीकारलं. .३०८ विंचेस्टर १९५२ चं, आणि त्यातला आकडा गोळीचा इंचातला व्यास. गंमत अशी की .३०-०६ आणि .३०० मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जादा दारूचं, दणकट काडतूस) यांची गोळीही तेवढ्याच व्यासाची, .३०८ इंच. १९२५ च्या .२७० विंचेस्टरची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंच, म्हणजे जवळजवळ नेमकी ७ मिलिमीटर. आणि ज्यांना "७ एमएम" म्हणतात त्यांची गोळी ७.२ मिलिमीटर! ७ एमएम-०८ म्हणजे .३०८ चं पितळ घेऊन त्याचं तोंड ७ एमएमच्या गोळीसाठी आवळलेलं काडतूस.

मित्राला मी सांगितलं, नावं विसर. तीनच गोष्टी बघ. गोळी किती जाड, किती वजनाची, आणि तिच्यामागे दारू किती. वजन ग्रेनमध्ये मोजतात. १५० ग्रेन म्हणजे पावणेदहा ग्रॅमच्या आतबाहेर. यापुढे मी ग्रॅमच वापरतो.

होडी आणि उडी

आता मुद्द्याचं. होडीतून धक्क्यावर उडी मारलीय कधी? मोठ्या लाँचमधून मारली तर लाँच ढिम्म. छोट्या होडीतून मारली तर होडी मागे सरकते आणि बरेचदा आपण पाण्यात. उडी तीच, जोर तोच, पण होडी हलकी म्हणून तिचा मागे जायचा वेग जास्त.

रायफल म्हणजे ती होडी, आणि तिच्या मागे पाणी नाही, तुमचा खांदा आहे.

हिशेब करून बघू. .३०८ ची पावणेदहा ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ८५० मीटर वेगाने निघते, आवाजाच्या अडीचपट. तिच्यामागून सुमारे तीन ग्रॅम दारूचा वायूही सुसाट बाहेर पडतो, आणि तोही मागे ढकलतो. हे बरेच जण विसरतात. नेम धरायला वर बसवलेल्या दुर्बिणीसकट चार किलोची नेहमीची रायफल असेल तर ती सेकंदाला तीन मीटरच्या वेगाने मागे येते आणि खांद्याला सुमारे १८ ज्यूलचा धक्का बसतो. तेच काडतूस पावणेतीन किलोच्या हलक्या रायफलीत घाला. मागे येण्याचा वेग साडेचार मीटरच्या जवळ आणि धक्का सत्तावीसच्या आसपास. सव्वा किलो वजन कमी केलं आणि धक्का दीडपट झाला. काडतुसात काडीचा बदल नाही.

याच हलक्या रायफलीत .३०० विंचेस्टर मॅग्नम घातलं तर आकडा पन्नास ज्यूलच्या घरात जातो. पाच किलोची तांदळाची पिशवी एक मीटर उंचीवरून खांद्यावर पडली, असं समजा. फक्त ती सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पडते, आणि पडताना तुमच्या डोळ्यापासून तीन-चार इंचांवर दुर्बिणीची धातूची कड असते.

दुकानातल्या तक्त्यावर गोळीचा वेग छापतात, ऊर्जा छापतात, तीनशे यार्डांवर ती किती खाली येईल तेही छापतात. खांद्याला काय बसेल ते छापत नाहीत. आणि छापणार तरी कसं? ते काडतुसावर नाही, तुमच्या रायफलीच्या वजनावर ठरतं. म्हणून हलकी रायफल घेणाऱ्याने तक्ता उलटा वाचायला शिकायला हवं. आधी खांदा किती सोसतो ते बघायचं, मग त्यात बसणारं काडतूस शोधायचं.

सोसेल की! एकच तर बार काढायचाय

हे वाक्य मीही म्हटलं होतं. डोंगरात आठ दिवस रायफल खांद्यावर वागवायची, तीन हजार मीटर उंचीवर धापा टाकायच्या, आणि झाडायची एकदा. मग हलकी असू दे आणि दणदणीत असू दे. एका कारागिराने माझ्या हट्टापुढे मान तुकवून .३०० मॅग्नमची हलकी रायफल बनवून दिली. त्याला दोष नाही. माझ्यासारख्याला "नको" म्हणायला हवं होतं एवढंच.

पहिल्याच दिवशी, सरावाच्या मैदानावर, मागे रेलून बसून चढावर नेम धरला आणि दुर्बिणीच्या कडेने उजव्या भुवईवर चंद्रकोर उमटवली. अजून आहे. ती जखम आठ दिवसांत भरली. खरी मोडतोड आत झाली होती, ती मला कळलीच नाही. नेम चांगला बसत होता असं वाटायचं, गोळ्या मात्र कागदावर खाली-डावीकडे विखुरलेल्या. मी दुर्बिणीला दोष दिला, वाऱ्याला दिला, काडतुसांच्या खोक्याला दिला.

शेवटी मैदानावरचा एक म्हातारा म्हणाला, रायफल मी भरून देतो, तू फक्त झाड. त्याने माझ्याकडे पाठ करून ती भरली आणि हातात दिली. एक बार उडाला. पुन्हा घेतली, पुन्हा दिली. दुसरा बार. तिसऱ्या वेळी मी चाप ओढला आणि नुसतं "टक्" झालं. आत त्याने रिकामं पितळ ठेवलं होतं. पण नळीचं तोंड चांगलं दोन इंच खाली गेलं, माझे डोळे घट्ट मिटले होते आणि खांदा पुढे झेपावला होता. बार उडालाच नव्हता, आणि मी तो झेलायला तयार! म्हातारा काही बोलला नाही. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं.

अंग आकसतं ते हे. दाताच्या डॉक्टरने तोंडात आरसा घातला तरी जसं आपण खुर्चीचे हात घट्ट पकडतो, तसं. हे ठरवून होत नाही, म्हणून ठरवून थांबवताही येत नाही. चारदोन गोळ्यांत शरीर शिकतं आणि विसरायला वर्ष घेतं. त्यात दणका बसत असला की माणूस सराव टाळतो. माझी रायफल वर्षाला दहा काडतुसंही खात नव्हती. एकच बार काढायचाय हे खरं, पण तो एक नेमका लागण्यासाठी त्याआधी दोनशे काढावे लागतात.

ती रायफल मी विकली. घेणारा माझ्याहून बराच धिप्पाड होता.

पण छोट्या काडतुसाने एल्क पडेल का?

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. नर तीनशे किलोच्या पुढे जातो. तेव्हा शंका रास्त आहे.

आधी कायदा. कोलोरॅडोत मोठ्या शिकारीला गोळीचा व्यास निदान .२४ इंच लागतो, म्हणजे सहा मिलिमीटरच्या वर. एल्क आणि मूस या त्याहून थोराड हरणासाठी ती निदान ८५ ग्रेनची, साडेपाच ग्रॅमची हवी, आणि शंभर यार्डांवर तिच्यात हजार फूट-पौंड ऊर्जा उरायला हवी. आपण ज्या काडतुसांबद्दल बोलतोय ती सगळी या रेषेच्या बरीच वर आहेत.

मग अंतर. दोनशे यार्डांवर नेम जुळवलेली .३०८ तीनशे यार्डांवर वीसेक सेंटिमीटर खाली येते. .३०० मॅग्नम सतरा-अठरा. म्हणजे दुप्पट धक्का खाऊन आपण कमावले तीन-चार सेंटिमीटर. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग जेवणाच्या छोट्या ताटाएवढा, एल्कचा परातीएवढा. परातीवर तीन सेंटिमीटरचा फरक कोण मोजतंय? पाचशे-सहाशे यार्डांपलीकडे तो फरक वाढतो हे मान्य. पण तिथे वारा ओळखणं, अंतर मोजणं आणि श्वास आवरणं जमणारी माणसं थोडी, आणि ती सहसा हलकी रायफल वापरत नाहीत.

जनावर ऊर्जेने नाही पडत. गोळी योग्य जागी आणि पुरेशी खोल गेली म्हणून पडतं. गोणपाटात जाड खिळा घुसवायला हातोडी लागते, दाभण हाताने जातं. गोळी तिच्या जाडीच्या मानाने लांब आणि वजनदार असली की ती दाभणासारखी आत शिरते. ६.५ आणि ७ एमएमच्या गोळ्यांची ख्याती त्यासाठी आहे. उलट अतिवेगवान गोळी जवळून लागली तर खांद्याचं मांस रक्ताळून फुकट जातं. इथे आम्ही वर्षभर ते मांस खातो, आणि खाण्याजोगं मांस टाकून देणं कायद्याने गुन्हा आहे.

यावर आपल्याकडचाच दाखला आहे. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी जिम कॉर्बेटना एक रायफल भेट दिली, .२७५ रिग्बी. नाव इंग्रजी थाटाचं, पण आतलं काडतूस जर्मन, १८९० च्या दशकातलं ७×५७ माउझर. म्हणजे ७ एमएमची गोळी, बेताची दारू, सोसवेल असा धक्का. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या कॉर्बेटनी याच काडतुसाने मारला. त्यांच्याकडे याहून कितीतरी दांडगी दुनळी होती, पण कुमाऊँ-गढवालच्या चढणींवर रोज वागवायला ही हलकी. त्याच सुमारास आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी हजाराहून अधिक हत्ती मारले, त्यातले बरेचसे ७×५७ ने. याचं कौतुक म्हणून सांगत नाही, तो आकडा आज वाचवत नाही. मुद्दा एवढाच की गोळी कुठे लावायची हे त्या माणसाला ठाऊक होतं.

आणि दुकानातलं ते ७ एमएम-०८? १९८० मध्ये रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणलं. पितळ पाचेक मिलिमीटर आखूड, पण कामाला ७×५७ चा सख्खा नातू.

आखूड बोल्ट, लांब बोल्ट

काडतुसाची लांबी रायफलीच्या वजनाला भिडते ती इथे. काडतूस भरणारी आणि कुलूप लावणारी बोल्टची यंत्रणा दोन मापांत येते. .३०८ आणि तिच्या मापाची काडतुसं, म्हणजे ७ एमएम-०८, .२४३, ६.५ क्रीडमूर, सुमारे ७१ मिलिमीटर लांब; त्यांना आखूड यंत्रणा पुरते. .३०-०६, .२७० आणि त्यांच्या भावकीला ८५ मिलिमीटर लागतात, म्हणून यंत्रणा लांब, खाच लांब, दस्ताही त्या बेताने.

१९८० च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्ज या कारागिराने हे गणित टोकाला नेलं. त्याने कुणाची तयार यंत्रणा तासून हलकी केली नाही, काडतुसाभोवतीच नवी आखली. तिचं वजन वीस औंस, पाऊण किलोहूनही कमी, म्हणून रायफलीचं नाव मॉडेल २०. दस्ता केव्हलार आणि ग्रॅफाइटचा. दुर्बीण नसलेली अख्खी रायफल सव्वादोन किलोच्या आसपास. आणि काडतुसं बसतात ती रायफलीतली पेटी त्याने मुद्दाम तीन इंच लांब ठेवली, ७×५७ सारखी मधल्या मापाची काडतुसं ऐसपैस बसावीत म्हणून. आधी काडतूस, मग रायफल, हा क्रम मला फार आवडतो.

पण आखूड-लांबच्या या वादाला उगाच धर्मयुद्धाचं रूप येतं. दोन्हींतला फरक साधारण शंभर ग्रॅमचा, म्हणजे एक सफरचंदही नाही. दुर्बीण निवडताना माणसं चारशे ग्रॅमऐवजी आठशेची उचलतात आणि बोल्टच्या शंभर ग्रॅमवर रात्र जागवतात. .२७० आवडत असेल तर लांब बोल्ट घ्या, काही बिघडत नाही.

मॅग्नमचं ओझं मात्र दुसरीकडे आहे. त्याची भरपूर दारू नीट जळायला नळी लांब लागते, २४-२६ इंच. ती वजनासाठी २० इंचांवर कापली की दारू नळीबाहेर जळते. म्हणजे भडका, कान फाडणारा आवाज, आणि ज्यासाठी मॅग्नम घेतलं तो वेगच उतरलेला. नळी एक इंच कमी झाली की साध्या काडतुसाचा वेग सेकंदाला सहा ते नऊ मीटर घटतो, मॅग्नमचा त्याहून जास्त. शिवाय जाड काडतुसं पेटीत चारऐवजी तीन.

हलकी नळी पातळही असते. पातळ पत्र्याचा तवा आणि बिडाचा तवा आठवा. पत्र्याचा चटकन तापतो आणि तापला की वाकतो. पातळ नळी तीन-चार बारांत तापते आणि गोळ्या सरकू लागतात. दारू जेवढी जास्त तेवढं लवकर. शिकारीत पहिला बार थंड नळीतून जातो, म्हणून हे चालतं. सरावाला मात्र तीन बार काढून चहा प्यायचा, नळी गार झाली की पुढचे तीन.

ब्रेक लावला तर?

नळीच्या तोंडाला छिद्रांचं एक बोंडुक बसवतात, त्याला मझल ब्रेक म्हणतात. वायू पुढे न जाता बाजूला फेकला जातो आणि धक्का खरोखर कमी होतो. मॅग्नममध्ये तर विशेष, कारण वायूच जास्त. मग मी कुरकुर का करतोय? कानांसाठी. रायफलीचा आवाज मुळातच १६० डेसिबलच्या आसपास, आणि ब्रेक तो बाजूच्या माणसाकडे वळवतो. शिकारीत एल्क अचानक उभा राहिला की कानांत बोळे घालायला वेळ नसतो. वाटाड्यांपैकी बरेच जण ब्रेकवाल्या गिऱ्हाइकाला नाक मुरडतात, आणि त्यांचं चुकत नाही. कानातलं एकदा गेलेलं परत येत नाही.

सायलेन्सर हा सभ्य उपाय. नाव फसवं; आवाज बंद होत नाही, सोसण्याजोगा होतो, धक्काही कमी होतो. अमेरिकेत १९३४ पासून त्यावर दोनशे डॉलरचा केंद्रीय कर होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, म्हणून सध्या जो तो त्याच्याच गप्पा मारतोय. कागदपत्रं आणि नोंदणी मात्र आहेच. पण तीनेकशे ग्रॅमचं ते नळकांडं हलक्या रायफलीच्या पार टोकाला लटकतं. झाडीत अडकतं. बोल्टमध्ये वाचवलेलं सफरचंद तिथे दामदुपटीने परत.

भोवऱ्याचा पीळ

हा भाग घडवून घेणाऱ्यांसाठी, बाकीच्यांनी चहा घ्यावा. नळीच्या आत पिळाचे आटे असतात, ते गोळीला फिरवतात. फिरता भोवरा जसा उभा राहतो तशी फिरती गोळी नाक पुढे ठेवून जाते. उंच, सडपातळ भोवऱ्याला जास्त गरगर लागते. तसं लांब गोळीला जास्त पीळ. जुन्या .२७० च्या नळ्या दहा इंचांत एक फेरा देतात. ६.५ क्रीडमूरच्या सहसा आठ इंचांत एक. २००७ मध्ये हॉर्नाडी कंपनीने ते काढलं तेच लांब गोळ्यांसाठी, आणि त्याची अर्धी जादू या पिळातच आहे.

हे आता महत्त्वाचं झालंय ते तांब्यामुळे. शिशाचे कण मांसात राहतात, उरलेली आतडी खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात काँडॉर जातीच्या गिधाडांच्या मृत्यूंनंतर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आली. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते आणि जास्त पीळ मागते. पण ती आत गेल्यावर फुटून विखुरत नाही, त्यामुळे थोडी हलकी गोळी घेऊनही काम भागतं. हलकी गोळी म्हणजे पुन्हा कमी धक्का. खांद्याच्या बाजूने एवढं सरळ दान सहसा पडत नाही. नळी नवीनच कोरून घेताय तर पीळ जादा मागून घ्या.

आणि काडतूस मिळणार कुठे?

कागदावर सगळ्यात देखणं काडतूस बहुधा .२८० ॲकली इम्प्रूव्ह्ड आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याच्या गावात पोचल्यावर लक्षात यावं की काडतुसांची पेटी घरी राहिली, आणि गावात एकच दुकान, तेही निम्मं अवजारांचं. तिथे .३०-०६, .३०८, .२७० मिळेल, हल्ली ६.५ क्रीडमूरही. बाकीची नशिबावर. २०२० नंतरच्या टंचाईत तर नेहमीची काडतुसंही फळीवरून गायब होती. घरी दारू भरून काडतुसं बनवणाऱ्यांना हा त्रास कमी, पण तो वेगळाच नाद आहे, आणि घरात लहान मुलं असतील तर विचार करून लावून घ्यावा.

आपल्याकडे हा निर्णय बराचसा सरकारच करत आलंय. १९०७ मध्ये इंग्रजांनी लष्करी बोअरच्या, म्हणजे लष्कराच्या नळीच्या मापाच्या, रायफली हिंदुस्थानात खाजगी वापराला बंद केल्या, चोरलेली काडतुसं बंडखोरांच्या कामी येतील या धास्तीने. तो "प्रतिबंधित बोअर" आजच्या परवान्यावरही आहे. म्हणून भारतात परवान्याची रायफल म्हटली की सरकारी कारखान्याची .३१५ किंवा .३०-०६ समोर येते, आवड-निवड फारशी उरत नाही.

अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी एक गोष्ट. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद. मित्राची बंदूक "जरा बघू" म्हणून हातात घेण्याआधी हे वकिलाकडून नीट समजून घ्या. इथे हौसेची किंमत व्हिसा असू शकते.

शेवटी काय ठरलं

मित्राचा खांदा मध्यम, उत्साह दांडगा. त्याला मी दोन शनिवार मैदानावर नेलं आणि माझ्या, शेजाऱ्याच्या, म्हाताऱ्याच्या अशा पाच रायफली झाडायला लावल्या. प्रत्येकीत मधूनच एक रिकामं पितळ. .३०-०६ च्या हलक्या रायफलीत पाचव्या बारानंतर नळीचं तोंड बुडायला लागलं. .३०८ मध्ये जरासं. ७ एमएम-०८ आणि ६.५ मध्ये "टक्" झालं तेव्हा नळी जागची हलली नाही, आणि तो स्वतःच चकित होऊन म्हणाला, "काऊन, उडाली नाही का?"

एल्कसाठी थोडी जाड गोळी बरी म्हणून त्याने ७ एमएम-०८ घेतलं. ६.५ घेतलं असतं तरी मी हरकत घेतली नसती, आणि गावोगावी काडतुसं मिळण्यात ते सरस आहे. कारागिराच्या वहीत नोंद अशी झाली: आखूड बोल्ट, २२ इंच नळी, पीळ साडेआठ इंचांत एक, ब्रेक नाही, तोंडाला आटे पाडून ठेवायचे, पुढेमागे सायलेन्सर घ्यायचा झाला तर. दुर्बिणीसह वजन पावणेतीन किलो. मार्चमध्ये मिळेल म्हणाला, म्हणजे मे धरा. तोवर म्हाताऱ्याने त्याला एक जुनी .२२ वापरायला दिलीय, जिचा धक्का चिमटा काढल्याएवढाही नाही, आणि दर शनिवारी पन्नास बार मोजून काढायला सांगितलेत.